बेवारस जॉब

पाच मिनिटे उरल्याची चिठ्ठी सत्राध्यक्षांनी पुढे सरकवली, तेव्हा व्याख्याती आपल्या आवडत्या स्लाइडवर पोहोचली होती. टेलिफोन कंपनीच्या डेटाबेस सर्व्हरचा वेग आपण कसा वाढवला, हा तिचा विषय. काम तिला अध्यक्षांनीच शिकवले होते. गेल्या वर्षी ते कंपनीतून निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची तिच्याकडे आली, हे ती आतापर्यंत दोनदा सांगून चुकली होती.

पडद्यावर एकच ओळ होती. सर्व्हरवर रोज पहाटे आपोआप चालणारा एक जॉब, म्हणजे छोटासा प्रोग्राम. बंद पडलेल्या एका नंबरच्या व्हॉइसमेलमधला एकच निरोप तो उघडायचा आणि तसाच मिटायचा. जॉब कोणाचा, त्या रकान्यात काहीच लिहिलेले नव्हते.

तीन महिने कोणी न उघडलेला निरोप सर्व्हर पुसून टाकतो, हे तिने श्रोत्यांना समजावून दिले. हा एक तेवढा वर्षानुवर्षे टिकून होता, कारण कोणीतरी त्याला रोज हलवून जागे करत होते.

“आमच्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं कोंबडा,” ती म्हणाली.

सभागृह हसले. अध्यक्षही हसल्यासारखे झाले.

नंबरचे पहिले चार आकडे झाकलेले होते. उरलेले त्यांना पुरेसे होते. तो त्यांच्या घरच्या जुन्या फोनचा नंबर होता, आणि निरोप त्यांच्या पत्नीने ठेवलेला होता, शेवटच्या आजारपणाच्या थोडे आधी. बंद नंबरचे निरोप कोणी ऐकायचे नाहीत व कोणाला द्यायचे नाहीत, हा नियम त्यांनीच लिहिला होता आणि स्वतःलाही लावला होता. निरोप जागेवर आहे, एवढ्यावर त्यांचे भागत असे.

जॉब आपण बंद केला, आणि मुदत भरल्यावर निरोप आपोआप गेला, असे तिने सांगितले. एका निरोपाने वेगात काही फरक पडला नाही, हेही तिने प्रामाणिकपणे मान्य केले; पण बेवारस काहीतरी सर्व्हरवर चालू आहे, हे डोळ्यांत खुपत होते.

प्रश्न कोणी विचारला नाही. तेव्हा अध्यक्षांनीच माईक ओढला आणि जुन्या बॅकअपचे काय केले, अशी विचारणा केली. तेही गेल्या आठवड्यात साफ केले, असे उत्तर मिळाले.

“पुसण्याआधी कोणी ऐकला होता?”

“नाही सर. बंद नंबरचा निरोप ऐकायचा नाही. तुमचाच नियम ना?”

“बरोबर,” ते म्हणाले. “काम चोख झालंय.”

टाळ्या पडल्या. व्यासपीठावरून उतरताना ती त्यांच्या टेबलापाशी थांबली आणि हळूच म्हणाली, “तुमच्याच काळातला दिसतोय तो जॉब. कोणी लावला असेल हो, सर?”

“असेल कोणीतरी,” ते म्हणाले. “नाव लिहायला हवं होतं त्यानं.”

मग त्यांनी पुढच्या वक्त्याचे नाव आणि विषय वाचून दाखवला. वक्ता पहिल्या रांगेतून उठला, व्यासपीठावर आला आणि माईकसमोर उभा राहिला. अध्यक्षांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि तेच नाव, तोच विषय, त्याच आवाजात पुन्हा एकदा वाचला.