बोर्डाजवळचा फोन

मुरबाडच्या जीप स्टँडवर सोनाली नावाची कॉलेजातली मुलगी ड्रायव्हरांना कागदावरची चित्रं दाखवून त्यांचा अर्थ विचारत होती. महिपतच्या पुढ्यात तिने धसईच्या वळणावरच्या बोर्डाचं चित्र धरलं. त्याला हसूच आलं. तीन वर्षं रोज तोच बोर्ड पाहत होता तो. वर मोबाईल, खाली अक्षरं : ‘घरी कोणीतरी वाट पाहत आहे.’

“घरी फोन लावा, असं सांगतोय बोर्ड,” तो म्हणाला. “मी रोज लावतो.”

कसा लावतो तेही त्याने कौतुकाने सांगितलं. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यात फोन, आणि बायकोला एवढंच, की बोर्डाजवळ आलो गो. मग सुंदरा भात टाकते. हा पानावर बसतो तेव्हा भात वाफाळत असतो.

सोनाली हसली नाही. तिने चित्रातल्या मोबाईलवर बोट ठेवलं. त्यावर लालभडक फुली होती. वळणावरच्या बोर्डाची फुली उन्हाने कधीच खाल्ली होती.

संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला वळण आलं आणि महिपतचा हात आपसूक खिशाकडे गेला. मागे नऊ माणसं होती. एका बाईच्या मांडीवर पोर झोपलेलं. रोजच कोणी ना कोणी असं असायचं. हात त्याने परत स्टिअरिंगवर आणला. पुढे खिशातला फोन दोनदा वाजला, तो त्याने वाजू दिला.

माणसं उतरवून तो घरी पोचला, तर सुंदरा रस्त्यावरच उभी. तोंड सुकलेलं, मुठीत फोन. त्याला बघून तिने आधी पदराने डोळे पुसले, मग बोलून घेतलं. तिचं संपल्यावर त्याने सगळं सांगितलं, फुलीसकट.

“उद्यापासनं फोन नाय यायचा,” तो म्हणाला. “भात गार चालंल मला.”

सुंदराला वाचता येत नव्हतं. बोर्डावर खाली काय लिहिलंय, ते तिने परत एकदा विचारून घेतलं. त्याने शब्द न् शब्द सांगितला.

“ते तर नाय ना पुसलं?” ती म्हणाली, आणि भात टाकायला आत गेली.