दादा शांत झाला

वहिनींनी दादाचं ताट उचललं, एवढंच. गप्पांच्या नादात त्याचा भात गार झाला होता. म्हटलं, जरा गरम करून द्यावा. ताट टेबलापासून वीतभर वर गेलं असेल नसेल, तोच दादाची मूठ त्यांच्या नाकावर बसली.

कडकन आवाज झाला. वहिनी मागच्या कपाटावर आपटल्या आणि तिथेच घसरत खाली बसल्या. मग दादानं टेबलच उलथवलं. काचेचा जग फुटला, पातेलं भिंतीवर आदळलं. "माझं!" दादा ओरडत होता. "जेवतोय अजून! जेवतोय!"

धाकटी ओट्याशी होती. दादाची बहीण, पन्नाशीला टेकली तरी त्याच्या लेखी धाकटीच. काय झालं ते तिला लगेच कळलं, पण आता उपयोग नव्हता. दादाला लहानपणी ठेवलं होतं त्या संस्थेत घंटा वाजली की ताटं उचलायचे. घास हातात असो की तोंडात. दादाचं उभं आयुष्य तिथे गेलं. ती संस्था बंद झाली म्हणून तर तो या आठवड्यात घरी आला होता, आणि एकटीच्यानं निभणार नाही म्हणून तिनं जिन्यातली दारं वाजवून मदत मागितली होती. समोरच्या वहिनी, त्यांचे बस चालवून निवृत्त झालेले यजमान आणि वरच्या मजल्यावरचा पैलवान, तिघांनी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. दादाला काय आवडतं, कशाची भीती वाटते, औषध कसं घ्यायला लावायचं, सगळं तिनं त्यांना सांगितलं होतं. ताटाचं तेवढं राहिलं.

मदतही मनापासूनच झाली. पैलवान व्यायामशाळेत पोरांना शिकवायचा. त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं दादाला मागून कव घातली, पायात पाय अडकवून आडवं पाडलं आणि पाठीत गुडघा रोवला. ड्रायव्हर पायांवर बसला. दादाचं तोंड काचांत आणि भातात दाबलं गेलं. त्यानं पैलवानाच्या मनगटात दात रुतवले, तसं पैलवानानं त्याचं डोकं फरशीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. रागानं नव्हे, दात सोडावेत म्हणून.

"ताई, दोरी आण! दोरी!"

"ऊठ त्याच्यावरून."

"उठलो तर कुणाचा तरी जीव घेईल हा! वहिनींचं नाक बघ जरा!"

"पैलवान, ऊठ म्हणते ना."

ड्रायव्हरनं एका हातानं खिशातला फोन काढला. दादा आवरेनासा झाला तर कुठे कळवायचं, तो नंबर सगळ्यांना देऊन ठेवलेला होता. लांबच्या दुसऱ्या संस्थेत जागा होती, गाडी लगेच आली असती. आणि एकदा गाडीत बसला की दादा परत येत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी लावतो गं बाई," ड्रायव्हर म्हणाला. "तुझा हात उठायचा नाही. वाईटपणा मी घेतो."

तेवढ्यात दादा थांबला. अंगातलं सगळं बळ कुणी नळ सोडून काढून घ्यावं, तसा सैल पडला. मग त्यानं आपणहून दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि मनगटावर मनगट ठेवलं. व्यवस्थित, एकही बोट वाकडं नाही.

"झालं," तो फरशीत तोंड खुपसून म्हणाला. "शहाणा झालो. बांधा."

"बघ! झाला की नाही शांत?" पैलवानाला धाप लागली होती, तरी आवाजात शाबासकी होती. कुणासाठी, ते त्यालाच ठाऊक.

धाकटीनं लाकडी स्टूल उचललं आणि दोन्ही हातांनी पैलवानाच्या खांद्यावर हाणलं. परत हाणलं. स्टुलाचा पाय निखळून लांब उडाला. पैलवान कुशीवर कोसळला.

"अगं ए ताई! मी तुझ्याच बाजूनं आहे!"

"माहीत आहे," धाकटी म्हणाली आणि उरलेलं स्टूल पुन्हा उगारलं.

ड्रायव्हर मार न खाताच उठला. जन्मभर बस चालवलेल्या माणसाला साइड कधी द्यायची ते कळतं. पण फोन लागला होता.

"हॅलो," पलीकडून बाई बोलली. "गाडी पाठवायची का? पत्ता सांगा."

ड्रायव्हरनं बायकोकडे पाहिलं. नाक तिचं होतं. वहिनी कपाटाला टेकून बसल्या होत्या. नाकाला पदरासारखं धरलेलं फडकं लाल झालं होतं. त्यांनी हात पुढे केला, फोन घेतला आणि शेंबड्या आवाजात म्हणाल्या, "काही नाही हो. जेवता जेवता चुकून लागला." आणि बंद केला.

"अहो, बघत काय राहिलात? बर्फ आणा." मग धाकटीकडे वळून, "आणि तू गं? ताटाला हात लावायचा नाही, एवढं सांगायला तोंड झिजलं असतं का तुझं?"

"चुकलं, वहिनी."

"चुकलं म्हणे."

धाकटी काचांतच गुडघ्यांवर बसली. दादाचे हात अजून पाठीवर होते. "दादा, हात सोड. कुणी धरलेलं नाही आता. बघ, कुणी बांधत नाही." तिनं मनगट ओढून पाहिलं. ते हलेना.

दादानं मान वळवली. कपाळावरचं रक्त डोळ्यात उतरत होतं. त्यानं तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, भिंतीशी खांदा दाबून बसलेल्या पैलवानाकडे.

"सर," त्यानं अदबीनं विचारलं, "सोडू?"

"मला नको रे विचारू," पैलवान म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

दादा हात तसेच धरून त्याच्या पाठीकडे बघत राहिला.