खांबाखालच्या पट्ट्या

जावईबापूंनी सासऱ्यांचं धातू कापायचं मिलिंग मशीन सुटं केलं, रॉकेलने धुतलं आणि नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत पुन्हा जोडलं. सासऱ्यांनी मशीनच्या खांबाला गुण्या लावला. खांब कललेला होता.

“बापू, खांबाखाली पितळेच्या पातळ पट्ट्या होत्या...”

“तो कचरा? फेकला, बाबा!”

“टापटीप म्हणतात ती ही,” सासूबाईंनी नवऱ्याला टोमणा मारला. “शिका जरा.”

खांब सरळ राहावा म्हणून सासऱ्यांनी त्या पट्ट्या स्वतःच्या चाळिशीत वर्षभर घासून बसवल्या होत्या. आता हात थरथरत होते, मापाच्या डायलचा बारीक काटा दिसत नव्हता. सरळ मशीनवर सवयीने काम जमलं असतं. नव्या पट्ट्या बसवणं जमणार नव्हतं.

जावयाला बोलायची आपल्यात सोय नाही. “छान केलंत,” ते म्हणाले. मग बायकोकडे वळले. “तुला कुंड्यांना जागा हवी होती ना? ठेव यावर.”