नदीवाटेनं समुद्र

भाटघर धरणाच्या पाण्यात पुण्याची दोन पोरं कयाक नावाची लांबुळकी होडी उतरवत होती. बघूनच काठावर उभ्या म्हाताऱ्या कुंडलिकच्या डोक्यात तिडीक गेली.

"कुठं निघाला?"

"समुद्राला, आजोबा. नदीनं नदीनं. बरोबर वाटाड्याही नाही."

"शाळा शिकलात का नुसती फी भरली? म्होरं धरणाची भिंत हाय. हितलं काय बी समुद्राला पोचत न्हाई, समदं गाळात बसतंय."

"आम्ही होडी उचलून भिंतीपलीकडं नेऊ," पोरं हसली.

आणखी एक टोमणा मारायला कुंडलिकनं तोंड उघडलं, पण त्याची नजर पाण्यावर गेली.

&nbsp;

महिन्यापूर्वी याच पाण्यात बायकोच्या अस्थी सोडताना तो तिला म्हणाला होता, "जित्तेपणी म्या न्हाई दावला. आता तू जाऊन समुद्र बघ."