माहेरचा पाहुणा

सकाळी सकाळी मी पुरणाचा घाट घातलेला पाहून सून जयमालानं विचारलं, "आत्या, कोन येनार हाय?"

"माझ्या माहेरचं."

ती हसली. "काय तरीच! तुमचं माहेर प्रवरेच्या धरणात गेलं. आता कोन उरलंय यायला?"

मी भाकरतुकडा आणि तांब्याभर पाणी उंबऱ्याशी ठेवलं. माहेरचं माणूस आलं की भाकरतुकडा ओवाळायचा, पायांवर पाणी घालायचं, ही आईची रीत.

दुपारी शेजारचे गोरक्षभाऊ ओरडत आले, "सुटलं! कालव्याचं पानी आपल्या चारीला सुटलं!"

धरणाचं पाणी आज सोडणार, हे मी कालच ऐकलं होतं. हा कालवा खणला तेव्हा माझे केस काळे होते. तेव्हापासून त्यात नुसत्या शेळ्या चरायच्या. मी भाकरतुकडा आणि तांब्या उचलला आणि शेताकडे पळत सुटले.

"आत्या, गुडघे!" जयमाला मागून ओरडली.

"गुडघ्याचं काय घेऊन बसलीस! ते बघ, डोंगर उतरून, वाटंत वीज तयार करून आलंय, तरी दमलं न्हाई!"

काटक्या, वाळली पानं पुढं ढकलत पाणी येत होतं. मी कालव्यातून शेतात येणाऱ्या कोरड्या चारीत उतरले. भाकरतुकडा ओवाळून टाकला, तांब्या पुढं केला आणि अडखळले. आता याचे पाय कुठं शोधायचे?

तेवढ्यात आमच्या बुडालेल्या घरावरून आलेल्या त्या गढूळ पाण्यानंच माझे पाय धुतले.