पाठराखीण

दुपारी प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला; ऋजुताला फारच कमी गुण होते. लातूरच्या भाड्याच्या खोलीत बसून तिने मोबाइलवरच्या ॲपमध्ये लिहिलं, "मी नसलेलीच बरी." मग पोस्ट न करताच तिने ते पुसून टाकलं.

थोड्याच वेळात दारावर थाप पडली. दारात तहसीन, शाळेतली मैत्रीण, आता लातुरातच शिकणारी; धापा टाकत, हातात डबा. नववीच्या सहलीत बसमधल्या खिडकीवरून दोघींचं भांडण झालं होतं. तेव्हापासून अबोला.

"तू? इथं कशी?"

"तू काय पुसलंस ते ॲप सांगत नाही. नुसता पत्ता देऊन 'जा' म्हणतं. सरक, आत येऊ दे."

ऋजुताला आठवलं. सहावीत खातं उघडताना ॲपने पाठराखीण कोण, असं विचारलं होतं. नवरीबरोबर सासरी जाते तशी, अवघड वेळी सोबत करणारी. पुसलेलं वाचायची परवानगी ॲपला देऊन तिने तहसीनचं नाव भरलं होतं.

"जीव द्यावासा वाटतोय का?" तहसीनने सरळच विचारलं.

ऋजुताने रडत होकारार्थी मान हलवली.

"मग मी आज इथंच राहणार. संध्याकाळी दोघी डॉक्टरांकडे जाऊ. आधी खा."

खिचडीचा घास गिळून ऋजुता म्हणाली, "तुझं नाव काढायचं राहूनच गेलं बघ."

"थापा मारू नकोस. दर वाढदिवसाला ॲप विचारतं, पाठराखीण तीच ठेवायची का म्हणून. मलाही विचारतं."

"मग तू कुणाचं ठेवलंस?"

"तुझंच की! भांडण खिडकीपुरतं होतं."