जोडगुच्छांची चौथी अट

विश्वात कोणीच एकटं नाही. ताऱ्याला तारा आहे आणि ताऱ्यांच्या गुच्छालाही दुसऱ्या गुच्छाची सोबत आहे. असं बबनराव रिठदच्या आपल्या घरात पाहुण्यांना सांगत होते. हे वाक्य त्यांच्या मुलीच्या, वैजयंतीच्या प्रबंधातलं. मार्गदर्शकांनी त्यावर काट मारली होती, पण ती बातमी बबनरावांपर्यंत पोचली नव्हती.

पाहुणे दोनच. प्रज्वल आणि त्याची आत्या रुखमाबाई. प्रज्वल आसेगावचा. आईबाप लवकर गेले, तेव्हा आत्यानं त्याला मंगरूळपीरला आपल्या घरी आणून मोठं केलं. तो आणि वैजयंती एकाच विषयावर संशोधन करत होते. आकाशगंगेतले जोडीनं फिरणारे तारकागुच्छ ओळखायचे. ते ओळखता ओळखता या दोघांचंही जुळलं. जात एक, शिक्षण एक, दोघंही कॉलेजात तासिकेवर, म्हणजे भवितव्यही एकच. बबनरावांना प्रेमविवाह हा शब्द उच्चारवत नव्हता, म्हणून त्यांनी बैठक ठेवली. पोहे झाले होते. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती.

“पन पोरगी करते काय, ते तं सांगा,” रुखमाबाई म्हणाल्या. “याले इचारलं तं म्हन्ते, तुले नाही समजत.”

“ताऱ्यायच्या जोड्या लावते,” बबनराव म्हणाले.

“लावत नाही, तपासते,” वैजयंती म्हणाली. तिनं पोह्यांच्या दोन बशा शेजारी ठेवल्या. “दोन गुच्छ असे जवळ दिसतात. पण दिसतात म्हणून जोडी होत नाही. एक अलीकडं असतो, दुसरा त्याच्या किती तरी मागं. म्हणून आधी अंतर पाहायचं.”

“बराबर हाय. सोयरीक फार दूर करू नये.”

“मग दिशा. दोघं एकीकडंच चालले पाहिजेत, एकाच वेगानं.”

“नाही तं एक इकडं वढते, एक तिकडं.”

“मग वय.”

“वय कायले काढतं आता,” स्वयंपाकघराच्या दारातून सोजरबाई, म्हणजे वैजयंतीची आई, घाईनं म्हणाल्या. मुलीला तेहतिसावं लागलं होतं.

रुखमाबाई खूश झाल्या. तारे रिसोड तालुक्यासारखेच वागतात, हे त्यांना पटलं. वैजयंतीनं इथं थांबायला हवं होतं. पण आपल्या विषयात कोणी रस घेतोय, असं तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

“चौथी अट सगळ्यात मोठी. दोघं एकाच ढगातून जन्मलेले पाहिजेत. तेवढं असलं तरच जोडी खरी.”

“एकाच ढगातून म्हंजे? एका कुळातले?”

“हाव. सख्खेच म्हणा.”

“मंग ते भाऊ-बहीण झाले, माय. त्यायची कायची जोडी?”

सगळे हसले. प्रज्वल सगळ्यात जास्त हसला. हसणं ओसरलं तेव्हा रुखमाबाईंना काहीतरी सुचलं होतं.

“सोजरबाई, तुमचं देवक काय हाय व?”

हे कोणी विचारलंच नव्हतं. मुलांनी आपापसात जमवलं की असल्या गोष्टी राहून जातात. देवक म्हणजे मांडवात पुजायची कुळाची खूण. ते एक निघालं तर कूळ एक, आणि एका कुळात लग्न होत नाही.

“कळंब,” सोजरबाई म्हणाल्या.

“कळंबच?”

“हाव. काहून?”

“आमच्या घरी बी कळंबच हाय. माह्या दोन्ही पोरायच्या लग्नात मीच फांदी आनली.”

बबनरावांनी सुपारीकडं पाहिलं आणि अडकित्ता मिटला. वैजयंतीनं प्रज्वलकडं पाहिलं. या माणसानं एकदा परिषदेत एका जर्मन प्राध्यापकाला उभं राहून चूक दाखवली होती.

“तू मानतोस हे?” तिनं सगळ्यांसमोर विचारलं.

“मानायचा प्रश्न नाही,” प्रज्वल म्हणाला. “आत्यानं वाढवलं मले.”

बबनरावांनी पाहुण्यांना रीतीप्रमाणे बसपर्यंत पोचवलं. जागाही मिळवून दिली.

पुढच्या वर्षी दोघांचा शोधनिबंध छापून आला. आकाशगंगेतला एक जोडगुच्छ त्यांनी नक्की केला होता. एकच ढग, एकच वय, एकच दिशा. प्रत्येक आकडा दोन वेगळ्या ठिकाणांहून पडताळून घेतल्याचं त्यात नमूद होतं. वैजयंती आणि प्रज्वल ही नावं शेजारी शेजारी छापलेला तेवढाच एक कागद. तो बबनरावांनी फ्रेम करून लावला, नाव आपल्या बाजूचं आधी होतं म्हणून.

त्याच उन्हाळ्यात मंगरूळपीरला प्रज्वलचं लग्न झालं. मुलगी आत्यानं पाहिलेली, देवक आधी विचारून घेतलेलं. वैजयंतीला पत्रिका आली होती. तिची त्या दिवशी परीक्षेवर ड्युटी होती आणि तिनं ती बदलून घेतली नाही.

देवक बसवायला आसेगावहून प्रज्वलचे चुलत काका आले होते. भावकीतलं वडीलधारं माणूस तेवढंच उरलं होतं. रुखमाबाईंनी पिशवीतून कळंबाची फांदी काढून त्यांच्या हातात दिली. काकांनी ती उलटसुलट करून पाहिली.

“हे तं तुह्या सासरचं, रुखमे,” ते म्हणाले. “लग्न आपल्या पोराचं हाय. आपलं देवक रुई.”

रुई मांडवाच्या मागंच उगवलेली होती.